कोरी पट्टी

प्रयोगशाळेत तिला सगळे लेपताई म्हणत. पोलिसांनी पकडलेल्या पावडरी तिथे यायच्या आणि त्या तपासणाऱ्या कार्बनच्या पट्ट्यांवर लेप चढवायचं काम हिचं. थेंब सोडायचा, वाळवायचा, भिंगाखाली बघायचा. जरा भेग दिसली की पट्टी कचऱ्यात. नवीन आलेल्यांना ती ठणकावून सांगायची, "कोऱ्या पट्टीचा भरवसा धरायचा नाही. विकणारे महाबेरकी. हेरॉइनमध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची पूड ढकलतात. कोऱ्या पट्टीला तेवढीच पूड दिसते, हेरॉइन तिच्याआड झाकलं जातं. लेप असला तरच दोन्ही वेगवेगळी दिसतात."

एवढी खमकी बाई, पण धाकट्या भावापुढे विरघळायची. आई गेल्यावर हिनेच त्याला मोठं केलेलं. व्यसनमुक्ती केंद्रातून तो घरी आला तेव्हा भावजयीने तोंडावर सांगितलं होतं, "ताई, पुन्हा घेतलं तर मी लेकीला घेऊन निघून जाईन." आणि ती नुसतं बोलणाऱ्यातली नव्हती.

एका दुपारी तीच भावजय प्रयोगशाळेच्या दाराशी उभी. धुवायला काढलेल्या नवऱ्याच्या पँटीत पुडी सापडली होती.

"तो म्हणतो, औषध आहे. तुम्ही बघून सांगा ताई. तुम्ही म्हणाल ते खरं."

घरची पुडी तिथे तपासणं नियमात बसत नव्हतं, पण नियमाचं कुणाला सुचतंय! टेबलावर लेप दिलेल्या पट्ट्या वाळून तयार होत्या. हात मात्र डब्यातल्या कोऱ्या पट्टीकडे गेला. घाई होती म्हणे. कसली घाई अन् कसलं काय! पट्टी यंत्रात घातली, तर पडद्यावरच्या आलेखात एकच मोठा उंचवटा आला, डोकेदुखीच्या गोळ्यांचा.

"औषधच आहे गं," ती म्हणाली. भावजय मटकन खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

संध्याकाळी लेपताई आवराआवर करत असताना भावाचा फोन आला. आवाज जड, पण खुशीत होता.

"ताई, तू होतीस म्हणून वाचलो बघ."

फोन ठेवून तिने उरलेली पूड काढली आणि या वेळी लेप दिलेली पट्टी घेतली. पडद्यावर दोन उंचवटे आले, शेजारी शेजारी, अगदी स्वच्छ. तिला रडू फुटलं. तशीच तिने भावजयीला फोन लावला.

"लेकीला घे आणि माझ्याकडे राहायला ये. आजच."

"पण ताई, औषधच होतं ना? तुम्ही बघितलं होतंत."

"नाही बघितलं," ती म्हणाली. "बघायचं नव्हतं मला."