कापला म्हणजे कळलं

माझ्या सासूबाईंनी तो फोन स्वतःच्या कमाईतून घेतला होता, आणि हे त्या भेटेल त्याला सांगायच्या. सांगू देत की. सांगण्यासारखंच होतं. माझ्या नणंदेकडे परदेशात राहत होत्या तेव्हा तिथल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात त्या रफू करायच्या. त्या कमाईतून हप्त्यांवर फोन घेतला आणि सगळे हप्ते वेळच्या वेळी फेडले. माझा नवरा म्हणायचा, आई फोनला जेवढं जपते तेवढं तिनं लहानपणी मलाही जपलं नाही. त्यावर त्या म्हणायच्या, फोन सांगितलेलं ऐकतो.

पुढे नणंदेनं घर बदललं. नव्या घराला जिने फार, म्हणून सासूबाई आमच्याकडे आल्या. आम्ही राहतो तो देश वेगळा. येताना एक बॅग, सुयांची डबी आणि हा फोन. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर उभी असते. सासूबाईंना घरात बसून करमेना, म्हणून एकदा सोबत घेऊन गेले. मालकांकडे एका गिऱ्हाइकाचा कोट पडून होता, बाहीवर सिगारेटनं जळालेलं भोक. सासूबाईंनी कोटाची आतली शिवण उसवली, तिथलेच धागे काढले आणि भोकावर आडवे-उभे विणून टाकले. मालकांनी कोट उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि मग आतल्या खोलीत खिडकीशी एक खुर्ची आणून ठेवली. ती खुर्ची सासूबाईंची झाली.

सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त फोन सोडून. आल्या आल्या नवऱ्यानं त्यात इथलं सिम घातलं, तर फोन म्हणे हे सिम चालणार नाही. दुकानात नेला. दुकानदारानं बघून सांगितलं की तिकडच्या कंपनीनं फोनला कुलूप घातलंय, त्यांचंच सिम चालेल, ते कुलूप त्यांनाच काढावं लागेल. सासूबाईंनी विचारलं,

"हप्ते संपले ना? मग फोन कुणाचा झाला?"

दुकानदार म्हणाला, तुमचाच. मग माझ्या फोनला त्यांचं कुलूप कशाला, असं त्यांनी विचारलं. त्यानं फोन परत हातात ठेवला. तुम्हीच सांगा, याचं उत्तर कुणाकडे असणार?

नवऱ्यानं कंपनीला लिहिलं. कंपनी म्हणाली, विनंती आमच्या देशातून यायला हवी. नणंद बिचारी कामावरून सुटून त्यांच्या दुकानात गेली. तिला सांगितलं, फोन समोर आणा. फोन इकडे. पार्सलनं पाठवतो म्हटलं, तर म्हणे फोनधारकानं स्वतः हजर राहायला हवं. एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याची जेवणाची सुट्टी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. कपड्याचे पैसे घेतल्यावर आमच्या मालकांनी कपडाच अडकवून ठेवला तर लोक दुकान फोडतील. पण हे कंपनीवाले करतात तेव्हा त्याला नियम म्हणायचं!

नवा फोन घेऊ या, असं मी कितीदा म्हटलं. सासूबाई ऐकेनात. चालता-बोलता फोन टाकून द्यायचा, तो का? शिवाय घरात आणि दुकानात वायफाय होतं, त्यावर लेकीशी गप्पा व्हायच्याच. फोनमध्ये तिकडचं जुनं सिम राहिलं. नवऱ्यानं तेवढं बजावलं की साधा फोन आला तर उचलायचा नाही, नुसता उचलला तरी भरमसाट पैसे कापतात. कुलूप निघेलच आठ-पंधरा दिवसांत, असं तो महिनोन्‌महिने म्हणत राहिला.

न उचलण्याचं सासूबाईंना काही वाटलं नाही. त्यांचा उभा संसार न उचलता झाला होता. सासरे ट्रक चालवायचे. त्या काळी कॉल महाग, म्हणून दोघांनी ठरवून टाकलं होतं. सासऱ्यांनी एकदा रिंग दिली की सुखरूप आहे, तुझी आठवण आहे. सासूबाईंनी ती कापली की कळलं, इकडेही सगळं ठीक. लागोपाठ दोनदा वाजलं तर मात्र हातातलं टाकून उचलायचं, काहीतरी महत्त्वाचं आहे. या बोलीवर त्यांनी दोन मुलं वाढवली. सासरे गेले तरी घरात हा रिवाज राहिला. मी सून म्हणून आले तेव्हा मलाही पहिल्याच आठवड्यात शिकवला गेला. आजही नवरा कामावर पोचला की एक रिंग देतो आणि मी कापते.

त्यातच सासूबाईंच्या उजव्या डोळ्याला कडेनं कमी दिसायला लागलं. तपासलं तर काचबिंदू. थेंबांनी दाब उतरेना. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी नीट समजावलं. मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते, यात येत नाही. आहे तेवढी राखायची, आणि त्यासाठी ऑपरेशन लवकर व्हायला हवं. सासूबाईंनी एकच विचारलं, रफू करता येईल ना? वेळेवर झालं तर येईल, असं त्या म्हणाल्या. वेळेवर. हा शब्द मी अजून विसरलेले नाही.

नंबर लावायला हॉस्पिटलच्या काउंटरवर गेलो. फोन नंबर विचारला. नवरा म्हणाला, माझा घ्या. तर नाही, रुग्णाचाच हवा, दुसरा घालायला जागाच नाही. बरं, मी मधूनमधून येऊन विचारू का, असं मी विचारलं. नको, गर्दी होते, तुमची पाळी आली की आम्हीच फोन करू. नवऱ्यानं सांगून पाहिलं की तो परदेशी नंबर आहे, फोन उचलत नाहीत, मेसेज पाठवा. तिथल्या बाईंनी मान डोलावली. आम्हाला वाटलं, लिहून घेतलं. कुठलं लिहून घेतंय कोण! घरी येऊन नवऱ्यानं हॉस्पिटलचा नंबर सासूबाईंच्या फोनात घातला आणि 'दवाखाना' असं नाव दिलं. तो निर्धास्त झाला, आम्ही मेसेजची वाट बघत बसलो.

आता दुकानातल्या खिडकीशी बसलेली माझी सासू डोळ्यांसमोर आणा. मांडीवर कुणाचा तरी लोकरी कोट. शेजारी फोन वाजतो. नाव येतं, दवाखाना. एकदाच वाजतो. त्यांना बरं वाटतं. त्या फोन कापतात, म्हणजे कळलं, मी आहे, वाट बघतेय. आणि पुन्हा सुई हातात घेतात. काही दिवसांनी पुन्हा एक रिंग. पुन्हा कापला. लागोपाठ दोनदा कधी वाजलाच नाही, मग उचलायचा कशाला आणि आम्हाला सांगायचं तरी काय? आठवणीची रिंग कुणी कुणाला सांगत बसतं का? नंतर त्या मला म्हणाल्या की मला वाटायचं, एवढे पेशंट असून मला विसरले नाहीत, माणुसकी आहे हो त्यांच्यात.

माणुसकी!

दिवस गेले, ऋतू बदलला, दुकानात गरम कपड्यांचा ढीग लागला आणि सासूबाई एकच काम दोन-दोनदा उसवायला लागल्या. काळ्या कापडात काळा धागा सापडेना. मग एके दिवशी एका गिऱ्हाइकानं कोट परत आणला, रफू दिसतोय म्हणून. मालकांनी तो सासूबाईंना दिसणार नाही असा मागे टांगला. मी पाहिला. टाके एका बाजूला सरकले होते. त्याच दुपारी मी त्यांना घेऊन हॉस्पिटल गाठलं. गर्दी होते तर होऊ दे.

काउंटरवर एक तरुण मुलगा होता, केस चापून बसवलेले. त्यानं नाव घातलं आणि म्हणाला की तुमचं नाव यादीतून काढलंय, तुम्ही नकार दिलाय. मी म्हटलं, कुणी? त्यानं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे 'रुग्णाचा नकार'.

सासूबाई पुढे झाल्या. "मी नकार कधी दिला? मी फोन कापला."

"कापला म्हणजे नकारच ना, आजी."

"कापला म्हणजे कळलं," त्या म्हणाल्या.

तो मुलगा हसला. त्या हसण्यानं माझं डोकं सणकलं. मी त्याला विचारलं, एवढ्या वेळा फोन कापला जातो तर एक मेसेज टाकायला तुमचे हात मोडले होते का? एक चिठ्ठी? पत्ता नव्हता? डोळा जाईल असं तुमच्याच डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय, अशी बाई ऑपरेशनला नाही का म्हणेल, असं एकालाही वाटलं नाही? तो म्हणाला, सिस्टीममध्ये तशी सोय नाही. मी म्हटलं, मग सिस्टीमला बोलवा, तिच्याशी बोलते. मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. एक जण मला म्हणाला, बाई, आवाज कमी करा, हे हॉस्पिटल आहे. त्यालाही सुनावलं. सासूबाई माझा दंड ओढत होत्या, आणि मी काही गप्प बसणार नव्हते.

शेवटी आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्या मुलाकडे नुसतं पाहिलं आणि ऑपरेशन लवकरात लवकरच्या यादीत घातलं. यावेळी नंबर माझा घेतला. जागा निघाली बरं का. दुसरा नंबर घालायला जागा होती!

ऑपरेशन झालं. दाब उतरला. पट्टी काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात दिवा टाकून बराच वेळ पाहिलं आणि मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. डावा डोळा चांगला राहील, म्हणाल्या. उजव्यातली मधली नजर गेलीय. मधल्या महिन्यांत गेली.

रफूला दोन्ही डोळे लागतात. सुई धाग्याच्या वर आहे की खाली, हे एका डोळ्याला उमगत नाही. सासूबाईंनी दुकानात जाऊन खिडकीशी बसून पाहिलं. सुई कापडात जायच्या ऐवजी बोटात जायची. दोन-तीन दिवसांनी त्यांनी सुयांची डबी मालकांच्या टेबलावर ठेवली, कुणाला उपयोग झाला तर बघा म्हणाल्या आणि घरी आल्या. रडल्या नाहीत. रडले मी, मोरीत नळ सोडून.

नवरा स्वतःला दोष देत बसला. मी त्याला म्हटलं, तुझं जे चुकलं ते चुकलं, पण ज्यांनी स्वतःच्या हातानं चूक केली त्यांना झोप लागतेय आणि तू जागा, असं नको व्हायला. त्यानं तक्रार लिहिली. तक्रार मिळाल्याचं उत्तर आलं. त्यापुढे काही नाही.

आणि मग, सगळं उरकल्यावर, त्या फोन कंपनीला जाग आली. मेसेज आला की आपल्या विनंतीनुसार फोन मोकळा करण्यात आला आहे, आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार. नवऱ्यानं इथलं सिम घातलं. चाललं. हॉस्पिटलच्या कागदांवरही नवा नंबर गेला. तेव्हापासून सासूबाई प्रत्येक फोन उचलतात. कर्ज हवंय का, उचलतात. चुकीचा नंबर, उचलतात. त्याच्याशीही दोन शब्द बोलतात.

परवा दुपारी मी भाजी निवडत होते, त्या समोर बसलेल्या. फोन वाजला आणि पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. स्पीकर चालूच असतो. बाईचा गोड आवाज, हॉस्पिटलकडून. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? सासूबाई सरसावून बसल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी विचारतंय. त्यांनी सांगायला सुरुवात केली. खिडकीशी बसायचे ते, फोन वाजायचा ते, एकदाच वाजायचा ते, काळा कोट परत आला ते. शांतपणे, एकही वाईट शब्द न वापरता, इतकं सविस्तर त्या माझ्याशीही कधी बोलल्या नव्हत्या. माझ्या हातातली भाजी तशीच राहिली.

"आपलं उत्तर समजलं नाही," आवाज म्हणाला. "कृपया एक ते पाचपैकी आकडा दाबा. पाच म्हणजे अत्यंत समाधानी."

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ आणला. मग मला विचारलं, अजिबात नाही म्हणायचं तर कुठला? एक, मी म्हटलं, आणा इकडे, मी दाबते. नको, म्हणाल्या, माझं मीच सांगणार. मान तिरकी करून, डावा डोळा आकड्यांवर आणून त्यांनी बोट नेलं. एकच्या खाली चार असतो. बोट खाली पडलं.

"आपण समाधानी आहात हे ऐकून आनंद झाला. धन्यवाद," आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मी झडप घालून उलटा फोन लावला. या क्रमांकावर फोन घेतले जात नाहीत, असं ऐकू आलं. पुन्हा लावला. तेच. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, पदरानं काच पुसली आणि टेबलावर ठेवला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आधी तिथे लिहून ठेवलं की मला ऑपरेशन नको. आता लिहिलं की मी समाधानी आहे. मी सांगितलेलं त्यांनी लिहिलं तरी कधी?"