आज ईराचा स्कोअर घसरला

जयपूरकर मैत्रिणींनो, आत्ताच घरी आलेय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी नऊ वर्षांची ईरा ऑटिस्टिक आहे. बनी पार्कच्या थेरपी सेंटरमध्ये ती डान्सचा व्हिडिओ गेम खेळते. पडद्यावर बाण दिसला की मॅटवर त्या दिशेला पाऊल टाकायचं. यात ती पक्की आहे, नजर पडद्यावरून हलत नाही.

आज शेजारच्या मॅटवर गुनगुन नावाची नवी मुलगी होती. गाणं सुरू झालं आणि ती कानांवर हात ठेवून उभीच राहिली. ईरा मान वळवून तिच्याकडे बघत बसली. बाण चुकायला लागले.

मी सवयीने म्हणाले, "ईरा, समोर बघ."

थेरपिस्ट दीदी हळूच म्हणाल्या, "रहने दीजिए. देखने दीजिए उसे."

ईराने एक पाऊल टाकलं आणि गुनगुनच्या पायांकडे बघत थांबली. जरा वेळाने गुनगुननेही टाकलं. मग दोघी बाण सोडून एकमेकींचे पाय बघत नाचल्या.

ईराचा स्कोअर कधी नव्हे इतका कमी आला. परतताना ई-रिक्षात तिने विचारलं, "गुनगुन उद्या?"

आजवर तिने कुणाबद्दल असं विचारलं नव्हतं.

उद्या मी गप्प बसणार आहे. तुम्हाला जमतं का हो?