पांढऱ्या दोऱ्याची मेणबत्ती

बॅग मी भरली नाही, आक्कानं भरली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं स्वतःची बाजू सावरायची मला सोय राहणार नाही.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पहिलीत होते, तेव्हापासून माझी वेणी घालण्यापासून मला भोरच्या वसतिगृहात सोडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. ती अजून वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला आमच्या वस्तीवर राहते. मी भोरला शाळेत शिकवते. यजमान गेले, मुलं नोकरीसाठी बाहेर, तेव्हा घरात मी एकटीच.

या दिवाळीनंतर आमच्या विहारातल्या एका निवृत्त गुरुजींनी सहल काढली. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करत बस थेट नेपाळात, लुंबिनीला जाणार होती. भगवंतांचा जन्म झाला ती जागा. आक्काला आयुष्यात एकच ठिकाण बघायचं होतं आणि ते हेच. ती चार लोकांना सांगत फिरायची, मी काशी न्हाई मागत, मुंबई न्हाई मागत, एकदा लुंबिनी दाखवा. तिला मी खोटं सांगून मागं ठेवलं.

खोटंही काही फार डोकं लावून रचलेलं नव्हतं. सहलीची बातमी ऐकून ती एसटीनं भोरला आली. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं मतदान कार्ड काढलं आणि त्याच्या दोन झेरॉक्स. कुणीतरी तिला सांगितलं होतं की नेपाळच्या हद्दीवर हे कार्ड लागतं. वेल्ह्याच्या बाजारात जाऊन, तहसील कचेरीजवळच्या दुकानात रांग लावून तिनं त्या काढून आणल्या होत्या. माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "माजं बी नाव घाल."

मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "आक्का, पासष्टच्या पुढची माणसं घेत नाहीत ते."

"न्हाई घेत?"

"नियम आहे तसा."

तिनं झेरॉक्स परत कागदात गुंडाळल्या. शिकलेल्या बहिणीनं नियम म्हटलं म्हणजे नियमच. माझ्या शब्दाची तिनं आयुष्यात कधी शहानिशा केली नाही. मी "नियम" हाच शब्द काढला, कारण त्याच्यापुढं ती गप्प बसणार हे मला पक्कं ठाऊक होतं. दर पौर्णिमेला विहारात पांढरी साडी नेसून पंचशील मी सांगते आणि बाकीचे माझ्यामागं म्हणतात. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. तेही मीच सांगते, खणखणीत आवाजात.

का केलं असं? कारण सांगायची लाज वाटते, पण सांगते. आक्का सकाळी उठल्याबरोबर मिश्री लावत बसते आणि कुठंही थुंकते. बसमध्ये अनोळखी माणसाला ती पहिल्या पाच मिनिटांत विचारणार, "लेकरं किती? सून बरी हाय का?" तिचे गुडघे धरतात, म्हणजे प्रत्येक पायरीला हात द्यायचा. पंधरा दिवस एका खोलीत तिचं घोरणं ऐकायचं. आणि सहलीला पुण्याच्या चारदोन बायका होत्या, शिकलेल्या, नीटनेटक्या. त्यांच्यात मला मी म्हणून जायचं होतं. कुणाची तरी धाकटी बहीण म्हणून नाही.

हे काही पहिल्यांदाच नव्हतं. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाला आक्का आली होती. एका नव्या बाईंनी मला विचारलं, "या कोण, तुमच्याकडं कामाला आहेत का?" मी नाहीही म्हटलं नाही. "गावाकडच्या आहेत," एवढंच म्हणून चहाकडं वळले. आक्का दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

बस शुक्रवारी सकाळी निघणार होती. सोमवारी दुपारी दार वाजलं. पाहते तो आक्का, दोन्ही हातांत पिशव्या. भाताची झोडणी अर्धी टाकून आली होती.

"तुला बॅग भरता येत न्हाई," आत येत म्हणाली. "वसतिगृहाला निगालीस तवा पेटीत नुसती पुस्तकं भरलीवतीस. परकर म्या घातलेलं."

मी नवी चाकांची बॅग आणली होती, तिच्यात माझ्या घड्या मी घालून ठेवल्या होत्या. आक्कानं त्या सगळ्या बाहेर काढल्या आणि जमिनीवर फतकल मारून बसली. स्वेटर तळाला नको, वर ठेव, थंडी काय सांगून येते का. औषधं एका जागी नको, दोन जागी ठेव, एक पिशवी हरवली तर दुसरी असंल. सुईदोरा. सुंठ. जुन्या लुगड्याचे चार चौकोन, "बसायला, पुसायला, बांदायला, कशाला बी." तिळाची चटणी डब्यात घालून डब्यावर फडकं, फडक्यावर गाठ. दशम्या मात्र निघायच्या आदल्या दिवशी करणार होती, ताज्या. मी कॉटवर बसून नुसती बघत होते. मधेच म्हणाले, "अगं बस कर, जेवण मिळतं तिकडं." तिनं माझ्याकडं लक्षही दिलं नाही.

मग तिनं दुसरी पिशवी उघडली. आत मेणबत्त्या होत्या. अकरा. आमच्या वस्तीवर कुणी अशा ठिकाणी निघालं की प्रत्येक घरातून एक मेणबत्ती येते. आपण जाऊ शकत नाही, आपला उजेड तरी तिथं लागू दे, म्हणून. आक्कानं घरोघर हिंडून त्या गोळा केल्या होत्या. कुठली कुणाची ते लिहून ठेवायला तिला अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. ती एकेक उचलून मला दाखवू लागली. लाल दोरा खालच्या आळीच्या काकींचा, त्यांच्या लेकाला नोकरी लागू दे. हिरवा दोरा बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरीचा. पिवळा, निळा, जांभळा. मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं, एखाद्या ढ पोराकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं.

"आणि ही पांढरी?" मी विचारलं.

"माजी."

आणि मग पिशवीच्या तळातून तिनं साडी काढली. पांढरी, बारीक निळ्या काठाची. घडी मोडलेली नव्हती. ही साडी तिनं भोरच्याच बाजारातून माझ्यासोबत घेतली होती, दोन वर्षं झाली. मला वाटलं होतं वस्तीवर पौर्णिमेला नेसत असेल. नेसली नव्हती. लुंबिनीला नेसायची म्हणून ठेवून दिली होती. मेणबत्तीचा दोराही त्याच साडीच्या दशीतून काढलेला.

"मला नियमात बसवत न्हाईत तर ऱ्हायलं," ती म्हणाली. "साडी तर जाऊ दे. तितं एक डाव ही नेसून वंदना घे. म्या आल्यावानी व्हईल."

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं, खोटं नाही सांगत. पण सांगितलं असतं तर ती लगेच विचारणार, मग का म्हनलीस तसं? त्याचं उत्तर मला देता येणार नव्हतं. मी साडी घेतली आणि बॅगेत ठेवली. रात्री ती घोरत होती आणि मी तिच्यावरच चिडत होते. तिनं आपलं इतकं करावंच का, म्हणून. अपराध मी केला आणि राग तिच्यावर काढला, असा माझा कारभार.

मंगळवारी गुरुजींचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन घेतला. एका बाईंचा पाय मुरगळला, त्यांनी नाव मागं घेतलं होतं. "बाई, एक सीट रिकामी झालीय. पैशाचं त्यांचं आमचं बघू आम्ही. तुमच्या ओळखीत कुणी आहे का? मतदान कार्ड असलं म्हणजे झालं."

आत आक्का माझ्या चपलांचे उसवलेले बंद शिवत होती.

"बघते," मी म्हणाले. संध्याकाळी त्यांनी परत विचारलं, तर सांगितलं, कुणी नाही.

पहिल्या वेळेस जीभ घसरली असं म्हणता तरी येईल. या दुसऱ्या वेळेस मला दिवसभर वेळ होता.

शुक्रवारी आक्का म्हणाली, मी नसरापूरपर्यंत बसमधून येते, तिथून वेल्ह्याची एसटी धरीन. गुरुजींनी तिला आनंदानं बसवून घेतलं. पुण्याच्या बायका पुढं पुण्यातच चढणार होत्या. आक्का माझ्याशेजारी बसली, त्याच रिकाम्या सीटवर. तिला काय ठाऊक. सगळा रस्ता ती खिडकीतून बघत होती. एकदाच म्हणाली, "गादी मऊ हाय गं. पाठ दुकायची न्हाई तुजी."

नसरापूरच्या फाट्यावर बस थांबली. किकवीच्या एक आजी तिथं चढणार होत्या. बस यायच्या आधीच लेकाच्या गाडीवर बसून आल्या होत्या आणि दुकानाच्या पायरीवर काठी टेकून बसल्या होत्या. अंगाला पांढरी साडी, कमरेला बटवा, पायात कापडी बूट. लेक आणि गुरुजी त्यांचं सामान बसच्या मागच्या कप्प्यात लावत होते. आक्का खाली उतरली आणि सवयीप्रमाणे थेट त्यांच्याजवळ जाऊन बसली. मीही तिला निरोप द्यायला मागोमाग उतरले.

"आत्या, कुठं निगाला?"

"लुंबिनीला. ह्याच बसनं."

आक्का हसली. तिला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. "अवो, वय किती तुमचं?"

"आवंदा अठ्ठ्याहत्तर सरलं."

"आन घेत्यात तुमाला?"

"का न्हाई घेनार? गुरुजी म्हनले, आजी, चालता येतंय न्हवं, मग चला. आमच्यात एक ब्याऐंशीची बी हाय, ती फुडं हडपसरला चढनार."

आक्का वळली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खूप वेळा मनात ठरवलं होतं की असं कधी झालंच तर काय सांगायचं. नियम बदलला, मला आत्ताच कळलं, गुरुजींनी ओळखीवर घेतलं असेल. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. माझा चेहराच तिला सगळं सांगून गेला असणार, कारण तिनं विचारलंच नाही.

ती उठली. म्हणाली, "बॅग खाली घे."

मी घेतली. रस्त्याच्या कडेला, एसटीसाठी थांबलेल्या माणसांच्या देखत, तिनं उकिडवं बसून बॅगेची चेन उघडली. स्वतःच भरलेली, त्यामुळं शोधावं लागलं नाही. स्वेटरखालून पांढरी साडी काढली. मेणबत्त्यांच्या पुडक्यातून पांढऱ्या दोऱ्याची मेणबत्ती काढली. दोन्ही आपल्या पिशवीत ठेवल्या. बाकीच्या दहा नीट गुंडाळून परत आत ठेवल्या.

"ह्यांच्या लाव," म्हणाली. "त्यांनी तुजं काय बिगडवलं न्हाई. लाल दोरा कुनाचा?"

"काकींचा."

"हां."

मी तिचा दंड धरला. "आक्का, चल. खरंच चल. जागा आहे. तू बसली होतीस ना, तीच रिकामी आहे. कार्ड तुझ्या पिशवीतच असतं. माझे कपडे घाल, मी गुरुजींना सांगते."

ती थांबली. मला वाटलं, येते.

"कवापास्नं रिकामी हाय?"

आता तरी खोटं बोलू नये एवढी अक्कल मला होती. "मंगळवारपासून."

तिनं मान हलवली. मंगळवारी ती माझ्या चपला शिवत होती. माझा हात तिनं दंडावरून सोडवला, झिडकारला नाही, नुसता सोडवला.

"म्या जानार हाय," ती म्हणाली. "हीच साडी नेसून जानार. पर तुज्यासंगं न्हाई."

आवाज चढवला नाही तिनं. मग बॅगेची चेन लावली, ओढून पाहिली, आणि दशम्यांची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "उद्या दुपारच्या आत खा. नंतर आंबत्यात."

गुरुजी हाका मारत होते. किकवीच्या आजींना तिनंच हात धरून चढवलं, त्यांची काठी वर दिली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ती रस्ता ओलांडून वेल्ह्याकडच्या गाड्या थांबतात तिकडं चालली होती, पिशवी छातीशी धरून, गुडघ्यानं जरा लंगडत. मागं वळून पाहील म्हणून मी काचेला डोकं लावून बसले. एसटी आली आणि मधे आडवी उभी राहिली.

बस हायवेला लागली. माझ्या शेजारच्या सीटवर गुरुजींनी पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणून ठेवला. मग माईक माझ्यापुढं धरला. "बाई, प्रवासाची सुरुवात पंचशीलानं करू. नेहमीसारखं तुम्हीच सांगा, आम्ही मागं म्हणतो."

सगळ्यांनी हात जोडले होते. चौथ्या शीलापर्यंत पोचायचं धाडस मला झालं नाही.

"घसा बसलाय, गुरुजी," मी म्हणाले.

तेही खोटंच होतं.