लोहदंताची शिक्षा

ठोकेकाकांचं मत आणि ठोकेकाकांचा हात यांच्यात जेमतेम वीतभर अंतर असे. मत तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत हात समोरच्याच्या कॉलरपाशी पोचलेला असायचा. त्यांचं खरं आडनाव ठोंबरे. पण ‘ठोकीन हं!’ हे त्यांचं वाक्य बरखेड्यात, भोपाळच्या कारखान्याच्या आमच्या टाउनशिपमध्ये, इतकं गाजलं, की पोरांनी परस्पर आडनाव दुरुस्त करून टाकलं. कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये ते फोरमन होते. लालभडक लोखंडावर वाफेचा घण दाणदाण आपटायचा आणि काका त्याच्याशेजारी उभे राहून त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचे. “हा माणूस घण शॉपमध्ये ठेवून यायला विसरतो,” असं माझी आई म्हणायची. आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लावून होती, त्यामुळे आईला ते माहीत असणं भागच होतं.

या माणसाचा जीव जडला होता एका राक्षसावर. टाउनशिपच्या क्लबच्या मैदानावर विश्वकर्मा पूजेच्या संध्याकाळी दरवर्षी एकच जुना हिंदी सिनेमा दाखवायचे. राजकन्या, उडता घोडा, लोखंडी दरवाज्यांचा किल्ला, आणि ते दरवाजे दातांनी फोडणारा लोहदंत राक्षस. आमच्या अख्ख्या पिढीला त्याचे संवाद तोंडपाठ. शेवटी राजपुत्र लोहदंताला मारायचा तेव्हा सगळं मैदान टाळ्या वाजवायचं आणि काका एकटे हाताची घडी घालून बसायचे. “सरळ माणूस होता,” ते म्हणायचे. “मारायचा तर समोरून मारायचा. हा तुमचा राजपुत्र मागून आला, ते कुणी बघितलं का?”

एका वर्षी अकाउंट्सचे तिवारीजी ऐन रंगात आलेल्या सिनेमात म्हणाले, “काहे का राक्षस, यार! दाँत तो चिपकाए हुए हैं.” काकांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. खुर्ची सोडली, तिवारीजींना नाही. पाण्याच्या पिंपापाशी नेऊन त्यांचं डोकं पिंपात दाबलं, वर काढलं आणि विचारलं, “अब बोलो, दाँत असली के नकली?” तिवारीजी बिचारे नाकातोंडातून पाणी काढत “असली, असली” म्हणाले. काकांनी त्यांना स्वतःच्या रुमालानं पुसलं आणि चहा पाजला. पुढे तिवारीजी हा किस्सा स्वतःच रंगवून सांगत, पण काका आसपास नाहीत ना, ते आधी बघून.

त्या हातानं मलाही वाचवलंय. मी कॉलेजात होते. पिपलानीच्या बस स्टॉपवर एक टोळकं रोज माझ्या मागे लागायचं. घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल म्हणून मी गप्प होते. एक दिवस सेकंड शिफ्टला निघालेल्या काकांनी ते पाहिलं. सायकल आडवी टाकली आणि हातातल्या स्टीलच्या डब्यानं त्या म्होरक्याच्या तोंडावर असा दणका दिला, की त्याच्या ओठातून रक्ताची धार लागली. दुसऱ्याचा हात पिरगळला, तो कट्कन वाजलेला मी ऐकला. मग वाकड्या झालेल्या डब्याकडे बघून काका म्हणाले, “मंगे, बस आली तुझी. जा. आणि घरी काकूला सांग, आमटी सांडली म्हणून.” मी बसमध्ये थरथरत होते, आणि खोटं कशाला सांगू, खूशही होते.

पण तोच हात भिंतीपलीकडेही चालायचा. त्यांचा मुलगा मिलिंद माझ्याच वर्गात. काका त्याला मारायचे, पण ‘मार’ हा शब्द त्यांच्या घरात कधी कुणी उच्चारला नाही. काका त्याला शिक्षा म्हणत. आणि ती रागाच्या भरात नसे, हेच भयंकर. बूट काढायचे, हातपाय धुवायचे, चहा प्यायचा आणि मग हाक यायची, “मिलिंद, शिक्षेला ये.” जेवायला ये म्हणावं तशी. मग पट्ट्याचा आवाज. खोटं बोलल्याबद्दल दुप्पट. काकू ओट्यापाशी भांडी वाजवत राहायच्या आणि इकडे माझी आई रेडिओ मोठा करायची. उन्हाळ्यातसुद्धा मिलिंद फुलपँट घालून शाळेत यायचा. “कारखान्यात लोखंड ठोकल्याशिवाय आकार येत नाही,” हे काकांचं तत्त्वज्ञान. त्यात त्यांना काही चुकतंय असं कधी वाटलं नाही आणि त्यांना तसं सांगायची टाप कुणाची नव्हती.

मिलिंद बारावीनंतर पुण्याला गेला तो गेलाच. नोकरी, लग्न, मुलगा, सगळं तिकडे. भोपाळला यायचा तो उंबऱ्याला पाय लावल्यासारखा. आला तरी ओजसला, म्हणजे त्याच्या मुलाला, आजोबांजवळ एकटं सोडायचा नाही. दुकानात जायचं तरी पोर बरोबर. काका काही बोलत नसत. पण रिटायर झाल्यावर त्यांना एकच ध्यास लागला होता. नातवानं मे महिन्यात इथे राहावं, त्याला सायकल शिकवावी. मला म्हणाले होते, “मंगे, तू शाळेत शिकवतेस. तुझं ऐकेल तो. बोलून बघ ना.” मी बोलले. मिलिंदनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी विषय बदलला.

अशात बातमी आली, की लोहदंताचा नवा सिनेमा येतोय. तोही आधीचा, म्हणजे लोहदंत राक्षस होण्यापूर्वीची गोष्ट. बरखेड्यात मतांचा नुसता धुरळा उडाला. म्हातारे म्हणाले, जुन्याची सर कशाला येतेय. सगळे डोंगर कॉम्प्युटरवर काढलेत, घोडासुद्धा. माझ्या शाळेतली पोरं म्हणाली, “मॅडम, पता तो चले ना, वो ऐसा क्यों बना!” तिवारीजी म्हणाले, राक्षसाचं बालपण दाखवलं की लोकांना त्याची दया येणार, मग शेवटी टाळ्या वाजवायच्या कुणासाठी? काका सलूनमध्ये दाढी करून घेत होते. शेजारच्या खुर्चीवरचा एक पोरगा म्हणाला, “बेचारे के साथ बचपन में गलत हुआ होगा.” काका तोंडाला साबण तसाच ठेवून उठले आणि त्याच्या अशी एक ठेवून दिली, की तो आरशावरच जाऊन आदळला. “बेचारा किसको बोला? राक्षस है वो! राक्षस झाला, झाला. कारणं कसली द्यायची त्याला?”

तरी दिवाळीत मिलिंद आला तेव्हा तिकिटं काकांनीच काढली. हबीबगंजकडच्या नव्या मॉलमध्ये आम्ही गेलो. काका, काकू, मिलिंद, सात वर्षांचा ओजस आणि मी. सिनेमा चांगला होता, अगदी मनापासून सांगते. त्यात लोहदंत एक हडकुळं पोर असतो. त्याचा बाप असुरांचा लोहार असतो. तो पोराला भट्टीपाशी उभं करून तलवार शिकवतो, जादू शिकवतो, दात लोखंडाचे कसे करायचे ते शिकवतो. मग पोरगा मोठा होतो आणि एक अख्खं गाव जाळतो. जळत्या घरांसमोर उभा राहून तो म्हणतो, “पिताजी ने जो शिक्षा दी थी, वही लौटा रहा हूँ.”

काका ताडकन उभे राहिले. अंधारात मोठ्यानं ओरडले, “कितनी दी? अरे, किती दिली त्यानं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “अबे बैठ ना, बुड्ढे!” काकांनी मागे वळून त्याच्या तोंडावर गुद्दा मारला. मग काय, तिघेजण उठले. पॉपकॉर्नचे डबे उडाले, बाया किंचाळल्या. एकानं काकांचा शर्ट टरकावला, दुसऱ्यानं त्यांच्या कानशिलात हाणली. काका पडता पडता त्याच्या मनगटाला चावले. हो, चावले. मिलिंद मधे घुसला आणि बापावर पडणारा पुढचा ठोसा त्याच्या तोंडावर बसला. पडद्यावर गाव जळत होतं आणि त्या तांबड्या उजेडात बापलेक दोघेही रक्ताळलेले मला दिसले. ओजस काकूंच्या पदरात तोंड खुपसून रडत होता.

गार्डनी आम्हाला बाहेर काढलं. मॉलच्या पायऱ्यांवर मिलिंद ओठाला रुमाल लावून बसला. खूप चिडला होता. “बाबा, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बापानं त्याला तलवार शिकवली, एवढंच म्हणत होता तो. इतकी वर्षं भोपाळमध्ये काढलीत आणि एवढं समजत नाही?”

काकांना समजत नव्हतं थोडंच! आयुष्यभर त्यांनी कारखान्यात हिंदीतच शिव्या दिल्या, हिंदीतच अर्ज लिहिले. ते फाटक्या शर्टाची बटणं चाचपत राहिले. मग म्हणाले, “माहीत आहे मला. पण मला घरातलं ऐकू आलं.”

मिलिंदनं रुमाल खाली घेतला. मग काकू म्हणाल्या, रिक्षा बघा, पोराला भूक लागली असेल.

दुसऱ्या दिवशी टाउनशिपभर बोभाटा. “ठोकेसाहब ने तो पिक्चर ही फाड़ दी!” फोर्ज शॉपवाल्यांना कमीच ऐकू येतं, असा सगळ्यांनी निष्कर्ष काढला. संध्याकाळी मराठी मंडळाचा दिवाळी फराळ होता. तिथेही चकली खाता खाता नव्या सिनेमावरच चर्चा. कुणाला लढाया आवडल्या, कुणाला गाणी पाचकळ वाटली. शेवटी सेक्रेटरींनी धीर करून काकांना विचारलं, “तुमचं मत काय हो?” आजूबाजूच्या लोकांनी सवयीनं खुर्च्या मागे ओढल्या.

“बरा आहे,” काका म्हणाले. “बापाचं काम फार थोडं दाखवलंय. जास्त दाखवायला हवं होतं.”

मिलिंद दाराशी उभा राहून ऐकत होता. पुण्याला निघायच्या आधी तो काकांना म्हणाला, “मेमध्ये आठवडाभर ठेवतो ओजसला. अंगावर एक वळ दिसला, तर पुन्हा भोपाळ नाही.” काकांनी नुसती मान हलवली.

मे महिन्यात ओजस आला. पहिले काही दिवस सायकलवर गेले. मग एका दुपारी त्यानं घरात बॅट फिरवली आणि कारखान्यानं काकांना निरोपाला दिलेलं घड्याळ भिंतीवरून खाली आलं. काचांचा चुरा. काकांनी विचारलं तर पोर सरळ म्हणालं, “मी नाही केलं.” त्या घरात खोटं! मी आमच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. काका कुंपण ओलांडून आले. तोंड काळंनिळं, उजवी मूठ डाव्या हातानं धरलेली.

“मंगे, तुझ्या कोळशाच्या खोलीला बाहेरून कडी आहे ना?”

“आहे. का हो?”

“मी आत जातो. तू घाल. ओरडलो तरी उघडू नकोस.”

मी कडी घातली. मग आतून आवाज यायला लागला. भिंतीवर गुद्दे, एकामागून एक, आणि मधेमधे जनावरासारखं गुरगुरणं. त्या माणसाला आयुष्यात दुसरं काही येतच नव्हतं, आणि तेही तो आता स्वतःला करू देत नव्हता. दारावर लाथ बसली, कडी खिळखिळली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि लहान मुलीसारखी रडले. ओजस कुंपणापाशी येऊन विचारू लागला, आजोबा कुठे आहेत? मी म्हटलं, काम करतायत.

कडी काढली तेव्हा काका कोळशानं माखले होते. उजव्या हाताची सालटी निघाली होती, दोन बोटं सुजून वाकडी झाली होती. “गेलं,” एवढंच म्हणाले. घरी जाऊन त्यांनी ओजसकडून काचा गोळा करून घेतल्या आणि त्याला आंबा कापून दिला, डाव्या हातानं.

आठवड्यानं मिलिंद न्यायला आला. काका आणि मी हबीबगंज स्टेशनावर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. मिलिंद ओजसला म्हणाला, “शर्ट घामानं भिजलाय, बदलूया,” आणि बाकावर उभं करून त्यानं शर्ट काढला. घामबिम काही नव्हता. तो पोराची पाठ बघत होता, बोटं फिरवून बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काकांकडे बघितलं. ते काय करतील, याची मला भीती वाटली.

काका बाकाजवळ सरकले. “नीट बघ,” म्हणाले. “पाय पण बघ.”

मिलिंदनं पायही बघितले. गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचं खरचटलेलं होतं. ते त्यानं ओजसला विचारून घेतलं. मग त्याचं लक्ष काकांच्या बँडेज बांधलेल्या हाताकडे गेलं.

“हाताला काय झालं, बाबा?”

“भिंतीला लागला.”

मिलिंद बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं पोराचा हात त्या बँडेजच्या हातात दिला आणि म्हणाला, “धरा जरा याला. मी पाणी घेऊन येतो.” आणि मागे वळून न बघता तो गर्दीतून स्टॉलकडे चालत गेला.