बशीतला पहिला घोट

कुणाला चहा द्यायचा असला की बाई आधी त्याच कपातला थोडा बशीत ओतून स्वतः प्यायच्या आणि मगच कप पुढे करायच्या. "घ्या, मी पेली. आता तुमी प्या बिनधास्त." नवीन माणूस बावरायचा. भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीतले आम्ही मात्र घोट खरंच गळ्याखाली उतरला का, ते बघत राहायचो.

बाई मूळच्या इकडच्याच. धानाची कापणी उरकली की गावोगाव नाटकं होतात, त्यांत कामं करता करता कोल्हापूरला सिनेमात गेल्या. नायिका कधी झाल्या नाहीत. कजाग सासू, सावत्र आई, आग लावणारी शेजारीण, असलीच कामं. रंगीत सिनेमे आले, कामं आटली, तेव्हा भावाच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. हे सगळं त्यांनीच सांगितलेलं. माझा काडीचा विश्वास नव्हता. सिनेमातली बाई रॉकेलच्या रांगेत उभी राहते होय?

मग एकदा क्लबानं मैदानावर पडदा लावला आणि नेमका बाईंचाच जुना सिनेमा आला. बाई पुढे सतरंजीवर बसलेल्या, आणि पडद्यावर त्याच बाई गरोदर सुनेच्या दुधात विष कालवताहेत. ढवळताना किती गोड हसत होत्या म्हणून सांगू! तुम्ही असता तर तुमच्याही अंगावर काटा आला असता.

बाई खोटं बोलत नव्हत्या हे पटलं, आणि तिथंच सगळं बिनसलं. शेजारच्या शांताबाईंची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाई रोज तिचे पाय चेपून द्यायच्या, काहीबाही करून खाऊ घालायच्या. सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी नेलेली खीर शांताबाईंनी दारातूनच परत केली.

"पोरीले पचत नाई."

"परवा तं पचत होती," बाई म्हणाल्या. मग हसल्या. "म्हंजे सिनेमातलं काम जमलं होतं मायं."

हसल्या खऱ्या, पण ओट्यावर बसून ती सगळी खीर त्यांनी एकटीनं संपवली, चार घरांना दिसेल अशी. बशीतला घोट सुरू झाला तो त्यानंतर.

तरी कुणाचं समाधान होईना. "बशीतलं पेऊन काय होते? इख तं बुडाशी राह्यते," शांताबाई माझ्या कानाशी लागल्या. मलाही ते खरं वाटलं. बारशाला बाईंना बोलावणं गेलं, पण बाळ काही त्यांच्या मांडीवर कुणी दिलं नाही. दाराजवळ बसून त्या पाळणे ऐकत राहिल्या. तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं.

भाऊ रिटायर झाले आणि बिऱ्हाड गडचिरोलीला निघालं. स्टोव्हसुद्धा ट्रकवर चढला, तेव्हा चहा घेऊन आल्या त्या शांताबाईच. काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी आधी थोडा बशीत ओतला आणि बशी ओठांना लावायला गेल्या. बाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू दे बाई. मले तुयावर शक नाई."

आणि उभ्या उभ्याच कप रिकामा केला. शांताबाईंचा पदर डोळ्यांना लागला.

बाईंचा तोही अभिनयच होता की काय, माझी अजून खात्री होत नाही. ट्रक गेल्यावर मी तो कप उचलून वाकून पाहिला. बुडाशी थेंबसुद्धा नव्हता.