लहान मापाचा हार

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठली मारामारी कुठल्या गावची, हे आठवायला डोकं खाजवावं लागतं. एक फुलांचा हार मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढं लोंबतो. निशिगंधाचा, मधे गुलाब, खाली गोंडा. मापानं लहान.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऐन उन्हाळा, लग्नसराई. या दिवसांत ठाण्यातल्या तक्रारी ठरलेल्या असतात. डीजेचा आवाज, वरातीतली हाणामारी, मांडवातून गेलेलं मंगळसूत्र. सकाळची हजेरी उरकून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात इंदापूरच्या बाजारपेठेतल्या फुलांच्या दुकानाच्या मालकीणबाई आत आल्या. सगळं गाव त्यांना भाभी म्हणायचं. बोटाला हाराचा दोरा गुंडाळलेला तसाच होता.

"साहेब, तक्रार न्हाय लिहायची. नुसतं आयका."

मी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

"काल एक मानूस आला. पांढरी कापडं, बोलाय लई ग्वाड. नाव विचारलं तर म्हणला, नवरीचा मामा हाय मी. बारामतीहून आलो. मी म्हणलं, बारामतीत फुलंवाली मेली का सगळी? तर नुसता हसला. दोन हार सांगितलं. नवऱ्याचा नेहमीचा, नवरीचा जरा तोकडा. आमी उंची विचारल्याबगर दोरा तोडत न्हाय, साहेब. न्हायतर गोंडा पायात येतोय. म्हणून विचारलं, उंची केवढी?"

"मग?"

"त्यानं हिकडं तिकडं बघितलं आन माझ्या पोरीकडं बोट केलं. म्हणला, ही उभी हाय न्हवं, हिच्याच मापाचा करा."

भाभींची मुलगी तेव्हा सातवीत होती.

"आन मी माप घेतलं बी," त्या म्हणाल्या. "हाताला सवय. दोरा पोरीच्या गळ्यात घातला. ती हसाय लागली. म्हणली, अम्मी, मी नवरी. तवा माझ्या हातनं दोरा सुटला."

ठाणे अंमलदार लिहिता लिहिता थांबला. ठाण्यात शांतता पसरते ती साहेब आल्यावर किंवा प्रेत आल्यावर. त्या दिवशी एका दोऱ्यामुळं पसरली.

लग्न दुसऱ्या दिवशी होतं. पत्ता नव्हता. फुलं घरपोच हवी होती, पण 'घर' सांगितलं नव्हतं. निरवांगीच्या बाजूच्या एका फाट्यावर आणून द्या, तिथून आमचा माणूस घेईल, एवढंच. मिठाईवाल्याला, मांडववाल्याला घर दाखवणारा माणूस फुलवाल्याला फाट्यावर का थांबवतो? ज्याला घर लपवायचं आहे तो. त्या भागात वस्त्या विखुरलेल्या, घरं उसाच्या आड. चौकशीला माणसं पाठवली असती तर तासाभरात लग्न दुसऱ्या जिल्ह्यात हललं असतं. आम्हाला त्या घरापर्यंत नेणारी एकच गोष्ट होती: ती फुलं.

"भाभी, हार करा," मी म्हणालो.

"तोच? लहान?"

"तोच. सांगितलाय तसा."

"माझ्या हातानं?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्या गेल्या आणि त्यांनी हार केला.

दुसऱ्या दिवशी भाभींचे मालक स्कूटरवर टोपली बांधून निघाले. मागं साध्या कपड्यात आमचा एक शिपाई, त्याच्या बऱ्याच मागं मी आणि महिला हवालदार खासगी गाडीत. फाट्यावर मोटरसायकलवाला आला, टोपली घेतली, कालव्याच्या रस्त्यानं वळला. वस्ती दिसली तेव्हा मी ग्रामसेवकांना फोन लावला. बालविवाह रोखायचा कायदेशीर अधिकार गावात त्यांचाच. ते यायला निघाले, आम्ही आत शिरलो.

मांडव होता, पण वाजंत्री नव्हती, कर्णा नव्हता. पंगतीची पातेली मात्र चुलीवर. आणि समोरून हात जोडत आला तो पांढऱ्या कपड्यातला मामा.

मी त्याला ओळखत होतो. काही महिन्यांपूर्वी एका शाळेत मुलींच्या शिक्षणावर कार्यक्रम होता. मी प्रमुख पाहुणा. मुलींना शिकत राहण्याची शपथ मी दिली होती आणि त्याआधी भाषण या माणसानं केलं होतं. 'लेक शिकली तर दोन घरं उजळतात.' टाळ्या पडल्या होत्या. माझ्या गळ्यात हार त्यानंच घातला होता.

"या या साहेब! बिनआवतनाचं पाव्हणं लई शुभ असत्यात. अक्षता टाकूनच जायाचं."

"नवरी बघू द्या," महिला हवालदार म्हणाली.

"बघा की! आमी काय झाकून ठेवलीया व्हय?"

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आम्हाला मधल्या खोलीत बसवलं. नवरी आली. मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा, वय विशीच्या पुढं. आधार कार्ड हजर, कॉलेजचं ओळखपत्र हजर. मामा ते माझ्या हातात देताना हसत होता. नवरदेव बारामतीकडचा, तिशीला टेकलेला, बाहेर खुर्चीवर मान खाली घालून बसलेला. सगळं कायद्यात बसत होतं. चहा आला. मी कप उचलला. भिंतीशी धान्याची पत्र्याची कोठी होती, तिच्या झाकणावर आहेराची भांडी रचलेली. हंडा, कळशी, समया, परात. मी कप ठेवायला तिचाच आधार घेतला होता.

मी उठणार, तेवढ्यात हवालदार म्हणाली, "फुलं छान आल्यात की. नवरीला हार घालून बघू द्या."

एक म्हातारी कडाडली, "अगं बया! मुहूर्ताआधी हार घालत्यात व्हय कुठं?"

"घालत न्हाई आजी, नुसता अंगाला लावून बघते."

तिनं टोपलीतला छोटा हार उचलला आणि नवरीच्या पुढ्यात धरला. हार कसा गुडघ्यापर्यंत लोंबायला हवा. हा मांडीवरच संपला.

"फुलवालीनं घोळ घातला," मामा म्हणाला. "ह्या लोकांना एक काम नीट येत न्हाय."

"कुणाच्या मापाचा आहे हा?" मी नवरीला विचारलं.

ती माझ्याकडं बघेना, मामाकडंही बघेना. ती बघत होती कोठीकडं. आणि एकदम ओरडली, "माझा न्हाय हो हा! भांडी उतरवा! आधी ती भांडी उतरवा!"

तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तोवर हवालदारानं परात फेकून दिली होती. हंडा गडगडत मांडवात गेला. मी झाकण उचललं. आतून वाफ आली, हळदीच्या वासाची.

आत एक मुलगी होती. गुडघे छातीशी, शालू अंगाला घामानं चिकटलेला, मुंडावळ्या एका गालावर. मान कलंडलेली. पंचवीस-तीस माणसं त्या घरात होती आणि त्यातलं एकही पुढं आलं नाही. आम्ही तिला उचललं तेव्हा ती ओल्या कापडाच्या बोचक्यासारखी हातात आली. मांडवातल्या पिंपातलं पाणी मारलं, वारा घातला. बऱ्याच वेळानं डोळे उघडले. तिनं बहिणीला शोधलं आणि पहिलं वाक्य बोलली:

"ताई, मी आवाज न्हाय केला."

 

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तुमचा चहा आणखी थोडा लांबला असता तर पंचनामा वेगळा करावा लागला असता. अनोळखी गाडी मागच्या वळणावर दिसल्याबरोबर तिला आत बसवलं होतं. थोरलीला सजवून पुढं केलं. तोंड उघडलंस तर तुझंही कॉलेज बंद आणि आई विहिरीत, असा दम देऊन.

ठाण्यात मामाची चौकशी केली. मी आवाज चढवला नाही. गोड बोलणारा माणूस ओरडण्याला भीत नाही, शांततेला भितो. मी गप्प बसलो आणि तो बोलत गेला.

"साहेब, पोरगी उलट बोलाय लागली हुती. एका पोराबर बोलताना दिसली. गावात नाव झालं असतं. बापाच्या माघारी मीच बघतोय ह्या घराचं. आमाला इज्जत हाय."

"आणि शाळेतलं भाषण?"

"ते भाषण हुतं, साहेब." तो खरोखरच गोंधळला होता. मी हे विचारतोच कसा, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "भाषणात कायतरी बोलावं लागतंयच की."

बारामतीत त्याला ओळखणारे फार, म्हणून हार इंदापुरातून, तोही फाट्यावर, आणि मांडवात वाजंत्री नाही. तेवढीच खबरदारी त्यानं घेतली होती. गावात काही लपवायची त्याला गरजच पडली नव्हती, कारण सगळ्यांना माहीत होतं. भटजींनी मुहूर्त काढून दिला होता. आचाऱ्यानं नवरीला स्वतः जिलेबी खाऊ घातली होती. चुडा भरणारीनं तर इतक्या लहान बांगड्या शोधून आणल्या होत्या. प्रत्येकाचा जबाब मी घेतला. प्रत्येक जण म्हणाला, "आमाला काय करायचंय?"

गुन्हा दाखल झाला. डांबून ठेवणं, जीव धोक्यात घालणं, मुलावरची क्रूरता, सगळी कलमं लावली. हाराचं माप पंचांसमक्ष घेतलं, फोटो काढले. फुलं मुद्देमाल म्हणून टिकत नाहीत. चौथ्या दिवशी नुसता दोरा उरला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? खबऱ्यांचं जाळं विणायला मी आयुष्य घालवलं. पण बालविवाहाला खबऱ्या लागत नाही. प्रत्येक लग्नात नवरीची उंची दिसणारी माणसं असतात. आचारी, फोटोवाला, भटजी, काझी, बांगडीवाली. आणि तुम्ही, जे पंगतीत बसता. जेवून, ढेकर देऊन, 'पोरगी जरा लहान वाटली' म्हणत घरी जाता. तुमच्या हातात फोन असतो. जो तो उचलत नाही, त्याच्या हातात अक्षता नसतात, त्याच कोठीवरचा एक हंडा असतो.

आणि 'पोरगी किती गुणाची, कधी आवाज नाही तिचा' हे कौतुक मला आता ऐकवत नाही. ती मुलगी गुणाचीच होती. गप्प बस म्हटल्यावर मरेपर्यंत गप्प बसणारी. आपणच तिला तसं घडवलं होतं.

बाल कल्याण समितीच्या आदेशानं तिला वसतिगृहात ठेवलं. थोरली बारामतीत कॉलेज करत तिला भेटत राहिली. निवृत्तीनंतर एकदा मीही गेलो. अधीक्षिकाबाई वैतागल्या होत्या.

"साहेब, तुम्हीच समजावा हो तिला. खेळताना काय, भांडताना काय, अख्खी इमारत डोक्यावर घेते. फार आवाज करते."

खिडकीतून अंगणातला कलकलाट ऐकू येत होता. त्यात तिचा आवाज कुठला, ते मला ओळखता आलं नाही. पण तो त्यात होता.

"बाई," मी म्हणालो, "करू द्या."