नांगरावरचे साडू

दारूच्या थेंबाला न शिवता दारूच्या दुकानावर इतका जीव टाकणारा माणूस आमच्या साडूंच्या आधी झाला नाही आणि त्यांच्यानंतर होईल असं वाटत नाही. इतकी वर्षं जर्मनीत काढली, पण हा गृहस्थ सफरचंदाच्या रसात सोडा घालून पिण्यापलीकडे कधी घसरला नाही. ड्रेस्डेनला चिप बनवण्याचे कारखाने आहेत. त्या चिपा इतक्या नाजूक की रस्त्यावरून ट्रॅम गेली तरी बिघडाव्यात. तर कारखान्याखालची जमीन हलू न देणं हे साडूंचं काम. त्या कामाचा परिणाम असेल, पण साडू स्वतःही एकदा घेतलेल्या मतावरून तसूभर हलत नसत. मी तिकडे लुडविग्सहाफेनला रसायनांत बुडालेलो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांची थोरली, म्हणजे आमच्या ताई, आणि माझी धाकटी. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी लागली की दोन्ही बिऱ्हाडं मिळून बाल्टिक समुद्रावर जायचं हे ठरलेलं. सगळी दुनिया तिथे समुद्राकडे तोंड करून बसते. साडू समुद्राकडे पाठ करून बसत, कारण त्यांना किनाऱ्यावरची घरं बघायची असत.

त्या घरांत त्यांचं एक दैवत होतं, ‘अँकर’ नावाचा पब. शंभराहून अधिक वर्षं जुना, पांढराशुभ्र, कातरकामाच्या लाकडी सज्जांचा, डोक्यावर उगाच एक मनोरा मिरवणारा. तो बांधणारा कप्तान इंग्लंडला लाकूड घेऊन जायचा. तिथे राणी व्हिक्टोरियाचं राज्य होतं, आणि समुद्रकाठच्या गावागावांत पब म्हणजे राजवाडे झाले होते. कप्तान एका पबच्या प्रेमात पडला आणि गावी परतल्यावर बघितलं तसंच्या तसं उभं करा म्हणून हटून बसला. म्हणून आत भिंतीला हिरव्या झिलईच्या टाइल्स, खिडक्यांना नक्षी कोरलेल्या काचा, महोगनीचा लांबलचक काउंटर, त्यामागे माणूस आहे त्याहून रुबाबदार दिसेल असे आरसे, आणि खोलीच्या मधोमध वेलबुट्टीचा एक ओतीव लोखंडी खांब. पूर्व जर्मनीच्या काळात सरकारनं तिथे कामगारांचं विश्रामधाम केलं आणि सगळ्यावर प्लायवूड ठोकलं. “अहो, अडाणीपणानं झाकलं म्हणूनच वाचलं,” असं साडू कृतज्ञतेनं सांगत. प्रत्येक उन्हाळ्यात सांगत. आम्ही प्रत्येक उन्हाळ्यात ऐकत असू, कारण ते सांगताना त्यांचा चेहरा असा उजळे की थांबवायची छाती होत नसे.

अँकरला ते मराठीत नांगर म्हणत. “यंदाही सुट्टी नांगरावरच काढली,” असं त्यांनी एकदा सासूबाईंना फोनवर सांगितलं. सासूबाईंना धन्य वाटलं. “बाई बाई, जर्मनीत शेती घेतलीत का हो जावईबापू?” दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. साडू म्हणाले, “नाही आई, दारूचा गुत्ता आहे तो.” पुढचे कित्येक महिने आमच्या सासुरवाडीत थोरल्या मुलीच्या नावानं उपास चालू होते.

खरं बोलणं हे साडूंचं व्यसन होतं. दुसरं व्यसन टकटक करण्याचं. कलिंगड असो, दार असो की शेजाऱ्यांचा फ्रिज, बोटाच्या पेरानं वाजवून आत काय आहे याचा अंदाज घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मुलगी बघायला आले होते तेव्हाची गोष्ट. सासरेबुवांनी अभिमानानं सांगितलं की टीपॉय अस्सल सागवानी आहे. साडूंनी पोह्यांची बशी बाजूला सारून टीपॉय वाजवला आणि म्हणाले, “सागवान नाही हे.” लग्न मोडता मोडता राहिलं, ते ताई आतून फस्सकन हसल्या म्हणून.

आणि तिसरं म्हणजे अहो-जाहो. ते जगाला अहो म्हणत. बायकोला अहो, मला अहो, स्वतःच्या सात वर्षांच्या मुलाला “अहो चिरंजीव, जेवायला चला.” चिरंजीव जर्मनमध्ये उत्तर देऊन खेळत राहत. पबच्या मालकीणबाईंच्या मांजरीलाही त्यांनी “अहो, सरकता का?” असं विचारलेलं मी ऐकलेलं आहे.

तर पहिल्यांदा साडू अँकरमध्ये गेले तेव्हा खांबालगतच्या गोल टेबलावर पितळी पाटी होती, ‘स्टामटिश’. तिश म्हणजे टेबल हे त्यांना माहीत होतं. स्टाम म्हणजे काय? संस्कृतात शाळेत पहिले आलेले साडू मनाशी म्हणाले, स्टाम म्हणजे स्तंभ, दुसरं काय असणार! स्तंभाजवळचं टेबल. वास्तविक स्टामटिश म्हणजे गावातल्या रोजच्या मानकऱ्यांचं राखीव टेबल. परक्यानं तिथे टेकणं म्हणजे कुणाच्या पंगतीत घुसून यजमानाच्या पाटावर बसण्यातला प्रकार. चार म्हातारे तिथे ग्लास धरून बसले होते. साडू सरळ गेले आणि लाकूड कसलं आहे ते बघायला टेबलावर दोनदा टकटक केलं. आता गंमत अशी की स्टामटिशवर येणाऱ्यानं हस्तांदोलन करायचं नसतं, टेबलावर टकटक करायची, तोच रामराम. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढा रीतीभाती जाणणारा हिंदुस्थानी त्यांनी कधी पाहिला नव्हता. चौघांनी उलट टकटक केली. त्यांतले थोरले, जहाजांवर सुतारकाम करून निवृत्त झालेले पांढऱ्या मिशांचे आजोबा, खुर्ची सरकवून म्हणाले, “झेत्सन झी झिश.” म्हणजे, बसा. साडू बसले ते वर्षानुवर्षं बसले. ते ‘हेर इंजेनिअर’, म्हणजे इंजिनियरसाहेब, झाले. ड्रेस्डेनहून एकटे गाडी पकडून शनिवार-रविवारी जाऊ लागले. ताई म्हणत, “ऑफिसात यांना कुणी जेवायलाही बोलवत नाही हो. त्या चार थेरड्यांत मात्र यांचा जीव रमतो.” ताईंच्या आवाजात तक्रार कमी आणि समाधान जास्त असायचं.

पुढे मालकीणबाई थकल्या आणि त्यांच्या मुलानं कारभार हातात घेतला. वर खोल्या काढायच्या, खाली नाश्त्याचं लांब टेबल मांडायचं असा त्याचा बेत होता. मध्ये खांब येत होता. खांब काढणार आणि स्टामटिश खिडकीच्या कोपऱ्यात सारणार, असं त्यानं जाहीर केलं. म्हाताऱ्यांनी त्याला बजावलं की खांब काढशील तर छप्पर डोक्यावर येईल. पोरगा सभ्य होता. म्हणाला, “बरं, हेर इंजेनिअर सांगतील तसं करू. भार घेत असेल तर हात लावणार नाही.” म्हातारे खूश झाले. निकाल त्यांच्याच टेबलावरचा माणूस देणार होता!

मी त्या दिवशी हजर होतो. साडू खुर्चीवर चढले, मी खुर्ची धरली. त्यांनी खांब वाजवला, कान लावला, मग ग्लासाखाली ठेवायचा पुठ्ठा मागून घेतला आणि खांबाचा माथा व वरची तुळई यांच्या मध्ये सरकवला. पुठ्ठा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि पलीकडून बाहेर आला. तुळई स्वतःच समर्थ होती. कप्तानानं इंग्लंडात खांब पाहिला होता म्हणून इथे खांब हवा होता, एवढंच. हे फक्त आम्हा दोघांना दिसलं. मी हळूच म्हटलं, “साडूभाऊ, सांगा की पेलतोय म्हणून! कुणाला कळतंय?”

“मला कळलंय ना आता,” साडू म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

खाली उतरून त्यांनी सांगितलं, “खांबावर काहीही भार नाही. पण तो इथे असावा असं मला फार वाटतं.” पोरानं पहिलं वाक्य घेतलं. दुसरं कोणताही धंदेवाला घेत नाही. म्हाताऱ्यांपैकी एकानंही साडूंकडे मान वळवली नाही.

महिन्याभरात खांब गेला. पुढच्या खेपेला मीही बरोबर होतो. साडू कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले आणि टकटक केली. चारही ग्लास जागच्या जागी राहिले, एकही बोट हललं नाही. साडूंनी पुन्हा वाजवलं नाही. ते दाराजवळच्या टेबलाशी जाऊन एकटे रस पीत बसले. परतीच्या गाडीत माझ्याशी एवढंच बोलले, “टाइल्स मात्र ठेवल्यात हो त्यानं.” मला त्या म्हाताऱ्यांचा असा राग आला की जर्मन भाषेत पुरेशा शिव्या येत नसल्याचं प्रथमच दुःख झालं. आणि हेही सांगतो, खोटं बोलायला सांगणारा मी त्या माणसाशेजारी बसायला त्या दिवशी लाजलो.

हिवाळाभर साडू तिकडे फिरकले नाहीत. ईस्टरला ताईंनीच आम्हा सगळ्यांना ओढत नेलं. साडू स्टामटिशकडे वळलेच नाहीत. नाश्त्याच्या टेबलाखाली फरशीवर खांबाची गोल खूण राहिली होती, तिच्याकडे ते वाकून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. टकटक. रिवाज असा की येणाऱ्यानं आधी वाजवायचं आणि बसलेल्यांनी उत्तर द्यायचं. इथे सुतार आजोबांनी बसल्या जागेवरून आधी वाजवलं होतं. मग बाकीच्या तिघांनी. साडू सरळ झाले. आजोबांनी खुर्ची सरकवली आणि म्हणाले, “झेत्स दिश.” जर्मन येणाऱ्यालाच यातली मेख कळेल. इतकी वर्षं ‘बसा’ होतं. आज ‘बस’ होतं. साडू बसले, आणि जगाला अहो म्हणणाऱ्या त्या माणसानं चष्मा पुसायला इतका वेळ लावला की ताईंनी तोंड खिडकीकडे केलं.

साडू आता पुण्याला असतात. सुतार आजोबा गेल्याची बातमी त्यांना मीच कळवली. गेल्या वेळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी ‘या’ची वाट न बघता जेवणाच्या टेबलावर दोनदा टकटक केली. त्यांनी पेपरातून मान वर केली आणि उलट टकटक केली. ताई आतून ओरडल्या, “अहो, दार वाजतंय वाटतं!” मग आम्ही नेहमीसारखे अहो-जाहो करत बसलो. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, “येतो साडूभाऊ.” ते कठडा वाजवून बघत होते. मान वर न करताच म्हणाले, “ये.”